यादीतून गेलेले दहा महिने

त्या काळी एका संगणकात दोन हार्डडिस्क जोडल्या की ड्राइव्हची अक्षरं जागा बदलत. नव्या डिस्कचे दोन भाग केले असतील तर पहिला भाग सी आणि दुसरा डी. पण तिच्या शेजारी जुनी डिस्क लावली की जुनीचा पहिला भाग मध्येच शिरून डी होई, आणि कालपर्यंत डी असलेला नवीचा दुसरा भाग ई होई. मला हे माहीत होतं. नागपूरला कोर्स केला तेव्हा मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि मी स्वतः दोघा-तिघांना समजावून सांगितलं होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते माझ्या अज्ञानातून घडलं असं कुणाला वाटू नये.

मी चंद्रपूरचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेन. नागपूरहून सुटे भाग आणायचे, घरी पलंगावर चादर अंथरून संगणक जोडायचा आणि एसटीनं गिऱ्हाइकाकडे पोचवायचा, हा माझा धंदा होता. माझी बरीचशी गिऱ्हाइकं अहेरी आणि आलापल्लीकडची होती, कारण तिकडे दुसरं कुणी जायला तयार नसे. आष्टीचा पूल ओलांडला की पुढचा रस्ता जंगलातून, आणि मी मॉनिटर मांडीवर धरून बसलेला. तिकडच्या चार दुकानांत आणि दोन शाळांत माझ्याबद्दल एक बोललं जाई, की याच्या हातून कुणाचं काही पुसलं गेलं नाही. माझ्याकडे पदवी नव्हती. हे एक वाक्यच माझी पदवी होतं आणि मी त्याला फार जपत होतो.

अहेरीला बाजाराच्या रस्त्यावर रक्त-लघवी तपासायची एक छोटी लॅब होती. ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळं गाव चाचा म्हणे, मीही म्हणायचो. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, पांढरा कोट कधी न घालणारे. आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांतून आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, म्हणून ते नाव. ज्याला एकाच पालकाकडून दोष येतो तो धडधाकट असतो, त्याला आयुष्यभर कळतही नाही. लोक त्याला ‘अर्धा’ म्हणतात. दोन अर्ध्यांचं लग्न झालं तर होणाऱ्या प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता अशी की ते ‘पुरं’ निघेल, म्हणजे जन्मभराचं दुखणं, आणि तो जन्म फार लांबही नसे. आश्रमशाळांतून तपासणीची शिबिरं होत तेव्हा रक्त घ्यायला चाचांना बोलवत. अर्धा की पुरा हे नक्की करायला नमुने नागपूरला जात आणि निकाल चाचांकडे येत. मुलांना निकालाचं कार्ड मिळे. पण मुलीचं लग्नाचं वय झालं की घराघरांत ते कार्ड चुलीत जाई. कार्ड असलेली मुलगी कोण करणार?

म्हणून चाचांनी स्वतःची एक रीत पाडली होती. सुपारी फुटायच्या आधी मुलाकडचं किंवा मुलीकडचं कुणीतरी मोठं माणूस लॅबमध्ये येई. चिठ्ठीवर दोन नावं, दोन गावं. चाचा आधी विचारत, दोघांची तपासणी झाली होती ना? झाली नसेल तर आधी करून या म्हणत. झाली असेल तर यादीत पाहत. लग्न व्हायला हरकत नसेल तर चिठ्ठी परत देत. हरकत असेल तर चिठ्ठी खिशात ठेवत आणि चहा मागवत. तोंडानं काही नाही. चिठ्ठी खिशात गेली की समोरचा चहा पिऊन उठे, आणि गावात जाऊन पत्रिका जुळली नाही असं सांगे. कुणाची बदनामी नाही, कुणाचं भांडण नाही.

यादीत चाचा फक्त अर्धे आणि पुरे भरत. ज्यांचं रक्त चांगलं त्यांची नावं कशाला लिहायची, असं त्यांचं म्हणणं. “नाव नाई म्हणजे दोष नाई,” ते म्हणत. “सीधी बात.” ही यादी आधी वहीत होती. मग मी त्यांना संगणक जोडून दिला, चार जीबीच्या डिस्कचा, तेव्हा ती संगणकात गेली. नावं आडनावाप्रमाणे लावायचं बटण मीच त्यांना शिकवलं. नवीन नाव खाली भरायचं, बटण दाबायचं, ते आपल्या जागी जाऊन बसतं. त्यांना याचं फार अप्रूप वाटायचं.

दोनेक वर्षांनी ती डिस्क टकटक आवाज करायला लागली. दिवाळीनंतर मी वीस जीबीची नवी आणली, तिचे दोन भाग केले, आणि यादी डीमध्ये ठेवली. जुनी डिस्क काढून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांच्या कपाटात ठेवली. त्यानंतरच्या हिवाळ्यात बरीच शिबिरं झाली आणि चाचा नवी नावं भरत गेले. पोळ्याच्या सुमारास त्यांचा फोन आला.

“बाबू, एक डर लागून राह्यला. ही मशीन उद्या मेली तं?”

“नवी आहे चाचा, इतक्यात नाही मरत.”

“माणूस बी नवाच मरते कधी. ते जुनी डब्बी पडली हाय ना कपाटात, ते लाव बाजूले. यादी दोन जागी राहू दे.”

म्हणजे कल्पना त्यांची आणि शहाणपणाची होती. मी गेलो. जुन्या डिस्कच्या मागच्या पिनांवर एक नखाएवढी टोपी असते, ती सरकवून तिला दुय्यम केलं, त्याच पट्टी केबलवर दुसऱ्या जागी जोडलं. चाचा खुर्चीच्या मागे उभे राहून पाहत होते.

“ही म्हातारी, ते जवान. एका घरात जमते का दोघीचं?”

“म्हातारीला खाली बसवलं की जमतं.”

“माह्या घरी नाई जमलं बा,” ते म्हणाले. आत त्यांची बायको आणि सून होत्या, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

जुनी डिस्क आवाज करत होती म्हणून मला ती आधी नीट तपासून, पूर्ण फॉरमॅट करून घ्यायची होती. फ्लॉपी घालून काळ्या पडद्यावर आदेश द्यायचा. मी मनात म्हटलं, सी आणि डी नवीचे, जुनी शेवटी जोडली म्हणजे ई. इतकं साधं. फळ्यावरची आकृती त्या क्षणी माझ्या डोक्यात आलीच नाही, कारण मी चाचांच्या विनोदावर हसत होतो आणि हात सवयीनं चालत होते. ई लिहिलं. सगळं पुसलं जाईल, करू का, असं संगणकानं विचारलं. मी हो म्हटलं. किती जागा पुसतोय तो आकडाही त्यानं दाखवला असणार. तो पंधरा हजार एमबीच्या घरात असणार आणि जुन्या डिस्कचा चार हजारांच्या. मी तो वाचला नाही. टक्के चढायला लागलेले पाहिले आणि चाचांबरोबर समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.

परत आलो तेव्हा शंभर टक्के झाले होते. खाली एकूण जागा लिहिलेली होती. तेव्हा वाचली.

चाचा गिऱ्हाइकाची लघवीची बाटली घेऊन आत गेले होते. मी संगणक सुरू केला. ई रिकामा. डी उघडला, आणि तिथे यादीचा फोल्डर होता, त्याच नावाचा. एक क्षण मला वाटलं मी वाचलो. मग फाइलची तारीख पाहिली. ती दिवाळीची होती. ही जुनी डिस्क होती, आणि यादी मी नवीवर नेली त्या दिवशी जशी होती तशीच ती तिच्यात पडून होती. त्यानंतरचे दहा महिने कुठेच नव्हते.

चाचा हात पुसत आले. “झालं का?”

इथे एक वाक्य बोलायचं होतं. चाचा, माझी चूक झाली, दिवाळीपासूनची नावं गेली. इतकंच. त्यांच्या कपाटात शिबिरांची रजिस्टरं ओळीनं उभी होती, निकालाचे कागद लावलेली. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, म्हणाले असते की मग बस आता इथी आणि भर, आणि मी दोन दिवस त्यांच्याकडे मुक्काम करून सगळी नावं पुन्हा भरली असती. सून वैतागली असती. बाकी काही झालं नसतं.

मी म्हणालो, “झालं. दोन जागी आहे आता.”

आणि खरंच दोन जागी केली. डीमधली जुनी, अपुरी यादी ईमध्ये उतरवली. चाचांनी नेहमीप्रमाणे पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारली, ते चित्र डीकडे बोट दाखवत होतं, आणि डीमध्ये यादी होती. नावं आडनावाप्रमाणे लावलेली. शेवटची भरलेली नावं तळाशी असती तर त्यांना लगेच कळलं असतं. पण सगळी आपापल्या जागी वाटलेली, त्यामुळे कुठे काही उणं दिसत नव्हतं. त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा फिरवून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

परतीच्या एसटीत मी ठरवलं की पुढच्या खेपेला सांगायचं. पुढच्या खेपेला ठरवलं की त्यांच्या नकळत रजिस्टर पाहून थोडी थोडी नावं भरायची. पण रजिस्टर मागायला काय निमित्त सांगणार? मग ठरवलं की दहा महिन्यांत असून असून किती नावं असणार. असं ठरवत ठरवत हिवाळा आला.

त्या माघ महिन्यात एका बाजाराच्या दिवशी मी चाचांकडे कीबोर्ड बदलायला गेलो होतो. जुन्याची बटणं अडकत होती. मी जमिनीवर बसून मागची वायर काढत असताना एक शेतकरी आला. अहेरीजवळच्या धानाच्या गावचा, साठीचा, स्वच्छ धोतर, हातात पिशवी. त्याच्या मुलाचं नाव यादीत आहे हे त्याला आणि चाचांना दोघांनाही माहीत होतं. मुलगा अर्धा होता. दोन ठिकाणच्या सोयरिकी चाचांनी चिठ्ठी खिशात घालून मोडल्या होत्या.

“आता तिसरी आणली जी,” तो म्हणाला. “हे बी खिशात घालसान तं पोट्टा मले घराबाहेर काढते.”

“खिसा भरला माहा,” चाचा हसले. “दाखव.”

मुलगी मुलचेऱ्याच्या बाजूची होती.

“तपासणी झाली हाय तिची?”

“झाली ना. आश्रमशाळेत होती ते. मागच्या साली थंडीत झाली म्हणते तिचा बाप. काही निघालं नाई म्हणते. पण बापाचं काय खरं. म्हणून तं तुमच्याकडे आलो.”

मागच्या साली थंडीत. मी टेबलाखाली होतो, कीबोर्डची पिन हातात धरून. त्या माणसानं एकही गोष्ट चुकीची केली नव्हती. मुलाचं लपवलं नव्हतं, मुलीच्या बापाच्या शब्दावर विसंबला नव्हता, भाडं खर्चून विचारायला आला होता.

“बाबू, झालं का तुयं? लाव लवकर,” चाचा मला म्हणाले.

मी पिन लावली. ती मी लावल्याशिवाय त्यांना नाव शोधता येणार नव्हतं, आणि ती मी लावली. त्यांनी एकेक अक्षर शोधून आडनाव टाइप केलं. त्या आडनावाची पाच-सहा माणसं दिसली. मुलीचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी गावाच्या नावानंही पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठी परत दिली.

त्या शेतकऱ्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. पिशवीतून काकडीएवढी दोन वांगी काढून टेबलावर ठेवली आणि मलाही रामराम करून गेला. मी त्या वेळी काय विचार केला तो लिहितो, कारण तो मला पाठ आहे. मी म्हटलं, दहा महिन्यांत तपासलेल्या पोरींपैकी बहुतेक चांगल्याच असणार. ही पण असेल. आणि लग्न मेमध्ये आहे, तोपर्यंत बघू.

मे आला आणि गेला. मी अहेरीला जाणं कमी केलं.

दोन वर्षं उलटून गेल्यावर चाचांचा निरोप आला की येऊन मशीन घेऊन जा. मला वाटलं बिघडली. गेलो तर ते बाकावर बसले होते आणि संगणकावर कापड टाकलेलं होतं.

“तो धानवाला आला होता, तिसऱ्या चिठ्ठीवाला,” ते म्हणाले. “नातू घेऊन. नऊ महिन्याचं लेकरू. हातपाय असे सुजलेले, बोटं पाव फुगते तशी. रडून रडून आवाज गेला होता त्याचा. मी रक्त घेतलं, नागपूरले धाडलं. पुरा हाय.”

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

“मग मी रजिस्टर काढलं. पोरीचं नाव हाय ना त्याच्यात. माह्याच हातचं लिहिलेलं. अर्धी. कागद बी लागून हाय नागपूरचा. मशीनमधी नाव नाई. म्हणजे मी भरलंच नाई. रजिस्टरात लिहिलं आणि इथी भरायचं भुलून गेलो.” ते कापडाकडे पाहत होते. “इतके वर्षं लोकं माह्या भरवशावर लगीन लावून राह्यले आणि मी भुलून गेलो.”

मला आजवरच्या आयुष्यातलं कुठलंही एक वाक्य परत घेता येत असेल तर ते डिस्क पुसल्यावरचं नाही, त्या बाकावरचं आहे. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी, चाचा. वय होतं.”

त्यांनी मान हलवली. धानवाल्यानं सुनेला लेकरासकट माहेरी पाठवून दिलं होतं. तिच्या घरच्यांनी कार्ड लपवून फसवलं, असं त्याचं म्हणणं. चाचांनी चिठ्ठी बघायचं बंद केलं होतं. “आता कोणी आलं तं मी म्हणतो, दोघायले नवीन तपासून आणा, नाई तं जा. अर्धे लोकं जाते निघून. तपासाले पोरगी कोण आणते? ने हे मशीन. मले पाहवत नाई.”

मी संगणक घरी आणला. पाच-सहा आठवडे तो पलंगाखाली होता. त्या आठवड्यांत मी एका आशेवर जगत होतो आणि ती आशा किती हलकी होती हे सांगायला लाज वाटते. कदाचित चाचा खरंच भरायला विसरले असतील. तसं असेल तर डिस्क पुसली नसती तरी त्या मुलीचं नाव यादीत नसतंच. मग माझा दोष नाही.

एका रविवारी जेवण झाल्यावर मी तो काढला. तोपर्यंत माझ्याकडे पुसलेल्या डिस्कवरून तुकडे शोधणारा एक प्रोग्राम आला होता. फॉरमॅट केल्यानं अक्षरं लगेच नाहीशी होत नाहीत. त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच असतात. मीच उतरवलेल्या अपुऱ्या यादीनं सुरुवातीचा थोडा भाग खाल्ला होता. बाकी पंधरा जीबीवर चाचांनी काहीच ठेवलं नव्हतं. प्रोग्राम तासभर फिरला आणि पडद्यावर फाटक्या कागदासारख्या ओळी यायला लागल्या. चाचा नावं इंग्रजी अक्षरांत भरत, सगळी कॅपिटलमध्ये. आडनाव, नाव, गाव, शाळा, आणि शेवटी अर्ध्यासाठी एच. आई बाजूच्या खोलीत गहू निवडत होती. मी एकेक ओळ खाली नेत होतो. ती मुलगी सापडली. तिच्या नावापुढे एच होता.

चाचा विसरले नव्हते.

आणि ही डिस्क मी त्याच दिवशी, पोळ्याच्या सुमारास, पिशवीत घालून घरी आणली असती तर सगळं परत मिळालं असतं. हेही मला तेव्हा माहीत होतं की असं करतात. फक्त चाचांना सांगावं लागलं असतं, डिस्क का नेतोय ते.

ती मुलगी सोडून, जुन्या यादीत नसलेली आणखी अडतीस नावं वाचता आली. मी ती कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी पकडली.

चाचा दुकान उघडत होते. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि उभ्यानंच सगळं सांगितलं, चहा, आकडा, टेबलाखालची पिन, बाकावरचं वाक्य. सांगून झाल्यावर ते बराच वेळ कागद वाचत राहिले. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“याच्यातल्या तिघायच्या चिठ्ठ्या मी वापस देल्या,” ते शेवटी म्हणाले. “हे, हे, आणि हे.” मग माझ्याकडे न बघता, “तुले माहीत होतं आणि तू मले म्हातारा म्हणलास.”

त्यांनी शटर पुन्हा खाली ओढलं. “चाल.”

आधी धानवाल्याकडे गेलो. तो खळ्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचत होता. मी सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

“मले काऊन सांगता?” तो म्हणाला. “मी माह्या सुनेच्या मायले नाई नाई ते बोललो. चार लोकायमधी बोललो. तिले जाऊन सांगा.” मग चाचांना म्हणाला, “तुमच्यावर बी राग होता जी. आता कोणावर धरू, सांगा.” आणि पुन्हा रचायला लागला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. त्या तिघांपैकी एका जोडप्याला तपासणीत काही अडचण निघाली नाही. दुसऱ्यांना तोवर मूल नव्हतं. तिसऱ्यांचं मूल आधीच वारलं होतं, तापानं, असं ते समजत होते. चाचांनी माझ्याशी संबंध तोडले नाहीत, पण नंतर कधी विनोदही केला नाही. ते आता नाहीत. धानवाल्याची सून पावसाळ्याआधी सासरी परत गेली, तिचा नवरा येऊन घेऊन गेला. तो मुलगा नऊ वर्षं जगला. या काळात मी त्याच्यासाठी चार-सहा वेळा गाडी केली, औषधं पोचवली. त्याचा इथे हिशेब मांडणार नाही. मी संगणकाचा धंदा सोडला नाही. लोक अजूनही म्हणतात की याच्या हातून कुणाचं काही जात नाही, आणि मी ते खोडून काढत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही मुलचेऱ्याच्या पुढे तिच्या गावी पोचलो. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. वीस-एकवीसची, ठेंगणी. चाचांना तिनं ओळखलं, शाळेत रक्त घ्यायला आलेले म्हणून. आईनं बाज टाकली. मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना वाक्यं आपोआप येत होती, याची मला किळस आली.

आई रडायला लागली. तिची बाजू खरी ठरली म्हणून की काय, मला कळलं नाही. मुलगी रडली नाही.

“कार्ड मायनं नाई लपवलं,” ती चाचांना म्हणाली. “मीनंच टाकलं चुलीत. इच्या आंगावर उगाच आलं.”

“काऊन टाकलं गा पोरी?” चाचांनी विचारलं.

“माही एक मैत्रीण होती, तिच्या कार्डानं तिचं जमलंच नाई कुठी. पण मले वाटलं, तुमच्याजवळ तं नाव हाय. त्यायचं बी तसंच असन तं तुम्ही होऊच देणार नाई लगीन. मले तोंडानं बोलायचं काम नाई पडणार.” तिनं हाताला चिकटलेली फुलं झटकली. “सासरा चिठ्ठी वापस घेऊन आला म्हणून कळलं, तवा मले लय बरं वाटलं होतं.”

चाचांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली पाहत बसले. आतून मूल उठल्याचा आवाज आला. ती त्याला घेऊन आली, कडेवर नाही, दोन्ही हातांवर आडवं, जसं दुखणाऱ्या माणसाला उचलतात. मूल आमच्याकडे बघत होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी पुढे होऊन त्याच्या हाताला हात लावायला गेलो.

“हाताले नका लावू,” ती म्हणाली. “दुखते त्याले.”

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. ती कुणालाही तसंच सांगत असणार. मग तिनं चाचांना विचारलं, बाकीच्यायले सांगितलं का. चाचा म्हणाले, अजून नाही, आता तिकडेच जायचं आहे. ती म्हणाली मग निघा, शेवटची गाडी चारला असते.